निकाल कुणाचा लागतो?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांचं वर्ष एक मेला संपतं. सकाळी झेंडावंदन, राज्यगीत, मुख्याध्यापकांचे दोन शब्द आणि मग हातात प्रगतिपत्रक. 2025 साली तर परीक्षाच 25 एप्रिलपर्यंत लांबल्या आणि उरलेल्या पाच दिवसांत पेपर तपासून, श्रेण्या भरून, पत्रकं तयार करून शिक्षकांनी एक मे गाठला. उन्हाचं काय, पेपर तपासायला वेळ कुठे, यावरून बरीच ओरड झाली. तारीख मात्र हलली नाही.

कोकणात या तारखेला अजून एक अर्थ आहे. एक मेच्या आसपास आंब्याची पेटी भरलेली असते, काजूच्या बिया वाळत पडलेल्या असतात आणि मुंबईहून चाकरमानी उतरायला लागतात. शाळेचा निकाल हा गावातल्या सुट्टीचा पहिला कार्यक्रम. मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या पंचक्रोशीत माझं आजोळ आहे, त्यामुळे हा दिवस मी पाहुणा म्हणून अनेकदा पाहिलाय. मोठी माणसं मुलांना दोनच प्रश्न विचारतात. ‘पास झालंस मां?’ आणि ‘कितवो नंबर?’ यातला पहिला प्रश्न 2010 नंतर जवळजवळ निरर्थक झाला आणि दुसऱ्याला सरकारी कागदावर जागा उरली नाही. तरी विचारणारे विचारतात.

हे प्रश्न मुळात आले कुठून? वर्षाच्या शेवटी परीक्षा, मग निकाल, बक्षीस समारंभ, स्नेहसंमेलन, गुणगौरव ही सगळी मालिका शाळेसोबतच जन्माला आली असावी असं आपल्याला वाटतं. तसं नाही. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आलाय. आणि बहुतेक वेळा परीक्षेला मुलाच्या आडून दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं.

इंग्रजांच्या आधीच्या गावठी शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती. पंतोजी एखाद्या पडवीत किंवा देवळात बसायचा. मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, पाढे घोकायची, मग पावकी, निमकी, मोडी वाचन, हिशेब. इयत्ता ही कल्पनाच नव्हती, कारण प्रत्येक मूल आपल्या वेगाने पुढे सरकत होतं. एक मुलगा उजळणीत असायचा, शेजारचा खतावणी लिहायचा. शिकून झालं हे कसं ठरायचं? मुलगा दुकानात बसून हिशेब करू लागला की झालं. याचं फार कौतुक करायचं कारण नाही. छडी सढळ होती, मुली जवळपास नव्हत्याच आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना त्या पडवीत जागा नव्हती. पण ‘वर्ष संपलं, आता मोजा’ ही भानगड तिथे नव्हती, एवढं खरं.

मोजणं सुरू झालं ते नव्या शाळांबरोबर, आणि ते सुरू झालं तमाशा म्हणून. तमाशा हा शब्द मी वाईट अर्थाने वापरत नाहीये. एकोणिसाव्या शतकात परीक्षा जाहीर व्हायची. पाहुणे खुर्च्यांवर, मुलं समोर उभी, परीक्षक सगळ्यांदेखत प्रश्न विचारणार आणि मुलं तोंडी उत्तरं देणार. शेवटी बक्षिसं आणि भाषणं. आजच्या स्नेहसंमेलनाचं आणि परीक्षेचं हे एकत्र कुटुंब होतं, वाटण्या नंतर झाल्या.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला प्रसंग पुण्यातला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली, आणि 1852 व 1853 मध्ये त्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. बघायला प्रचंड गर्दी लोटली. विचार करा, ज्या शहरात मुलगी शिकली तर घराण्याचं वाटोळं होतं असं उघड बोललं जायचं, तिथे मुली चारचौघांत उभ्या राहून भूगोलाची आणि गणिताची उत्तरं देताहेत. इथे परीक्षा कुणाची होती? मुलींना किती येतं हे फुल्यांना ठाऊकच होतं. परीक्षा होती ती ‘मुलींना शिकवता येतं का’ या प्रश्नाची, आणि पेपर तपासत होतं पुणे शहर. 16 नोव्हेंबर 1852 ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. हा तोच वाडा, जिथे 1821 मध्ये पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिची एक गोष्ट सांगतात. बक्षीस म्हणून खाऊ द्यायला निघालेल्या कँडी साहेबांना ती म्हणाली की खाऊ नको, आम्हाला वाचनालय द्या. गोष्ट शब्दशः अशीच घडली की सांगता सांगता घडत गेली हे बाजूला ठेवू, पण बक्षीस समारंभात बक्षिसालाच प्रश्न विचारणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहिली, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्याकडे अजूनही बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा नाहीतर कंपासपेटी.

इथे सिंधुदुर्गातल्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ‘दर्पण’ काढणारे पहिले मराठी संपादक म्हणून 6 जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार पडतो. पण ते सरकारी शाळांचे तपासनीसही होते आणि 1845 मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी, पस्तिशीही गाठलेली नसताना, ते गेले. तपासनीस म्हणून फिरणारा माणूस आणि शिक्षक घडवणारा माणूस एकच असणं हे आपल्या व्यवस्थेत फार काळ टिकलं नाही. पुढे तपासणारे वेगळे झाले, शिकवणारे वेगळे.

1854 चा वुडचा खलिता आला आणि 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. खात्याबरोबर आले इन्स्पेक्टर, डेप्युटी आणि असिस्टंट डेप्युटी. मराठी माणसाने त्या डेप्युटीचा ‘दिपोटी’ करून टाकला. जुन्या आत्मचरित्रांत आणि गोष्टींत हा दिपोटी हमखास भेटतो. तो येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, मुलांना धुतलेले सदरे मिळायचे, पंतोजीचा आवाज आदल्या आठवड्यापासून मऊ व्हायचा. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे आधी रत्नागिरीत शिक्षक आणि 1866 पासून असिस्टंट डेप्युटी, म्हणजे त्यांच्या एकाच आयुष्यात टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्या.

दिपोटीची एवढी भीती का? कारण पैसा. 1862 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या गृहस्थांनी एक नियमावली आणली. शाळेला सरकारी अनुदान किती, ते मुलांच्या परीक्षेवर ठरणार. मूल वाचनात पास झालं तर एवढे, लेखनात झालं तर एवढे, गणितात झालं तर एवढे. गैरहजर किंवा नापास मुलामागे पैसे गेले. ‘निकालानुसार अनुदान’ असं या पद्धतीचं सरळ नाव होतं. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे हिला टार्गेट म्हणतात, आणि टार्गेट लावल्यावर माणसं काय करतात हे सांगायला एकोणिसाव्या शतकात जायची गरज नाही. तरी इंग्लंडमधले किस्से वाचण्यासारखे आहेत. परीक्षेचं पुस्तक वर्षभर इतकं घोटून घेतलं जायचं की पुस्तक उलटं धरलं तरी मूल घडाघडा वाचायचं.

ही पद्धत मुंबई इलाख्यातही होती. इथल्या खासगी आणि गावठी शाळांना मिळणारं अनुदान दिपोटीने घेतलेल्या परीक्षेशी बांधलं गेलं. 1882 च्या हंटर आयोगानेही प्राथमिक शाळांसाठी ‘निकालानुसार अनुदान’ चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. शेवटी 1904 मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव करून ही पद्धत मोडीत काढली. म्हणजे दोन-तीन पिढ्या अशा गेल्या की मार्च-एप्रिलमध्ये मूल नापास झालं की मास्तराच्या घरातलं धान्य कमी व्हायचं. निकाल ऐकताना आजही आपल्याकडे घरात जो ताण असतो, त्याला इतिहास आहे असं मला वाटतं. मास्तर पोरावर का चिडायचा, याचं एक उत्तर अनुदानाच्या तक्त्यात आहे.

आणि हे पैसे येत कुठून होते? 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल सेस बसला. त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी. धामापूर तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अंमलाखाली. इथल्या भातखाचरांचा एक आणाही त्यात होता. आज ‘आमच्या टॅक्सच्या पैशांतून’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सगळ्यात आधी तो पैसा शेतकऱ्याने भरला आणि त्याचीच मुलं सगळ्यात शेवटी शाळेत पोचली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांची मुख्य तक्रार हीच होती. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि प्राथमिक शिक्षणाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

दिपोटीच्या परीक्षेनंतर आली ‘फायनल’. पूर्ण नाव व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची परीक्षा. आज सातवी पास म्हटलं तर लोक दया दाखवतील. तेव्हा फायनल पास माणूस मास्तर होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा, पोलीस खात्यात, टपाल खात्यात, मुंबईच्या एखाद्या पेढीवर कारकून म्हणून लागू शकायचा. कोकणात याला विशेष महत्त्व होतं, कारण इथली शेती कुटुंबाला वर्षभर पुरत नव्हती आणि गिरणगाव बोटीच्या अंतरावर होतं. फायनल नसलेला मुलगा साच्यावर जाणार, फायनल झालेला मुलगा टेबलावर. माझ्या आजोळी अजून एक वाक्य सांगतात, पणजोबांच्या तोंडचं म्हणून: ‘झील फायनल झालो, आता मुंबैक धाडूक हरकत नाय.’ परीक्षेचा निकाल म्हणजे बोटीचं तिकीट. धामापूरसारख्या गावाने शाळेकडे इतकी वर्षं एवढ्या आस्थेने का पाहिलं, याचं उत्तर मला या वाक्यात सापडतं. गावच्या शाळेचं यश म्हणजे गावाबाहेर गेलेला मुलगा. हे वाक्य सांगताना घरात सगळे हसतात, पण त्यात शाळेच्या आजच्या अवस्थेचं बीजही आहे, त्याकडे येतोच.

निकालानंतरच्या सत्काराची प्रथाही याच काळात रुजली आणि त्यातला सर्वात मोठा प्रसंग पुन्हा आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. मुंबईत सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर बोलले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. केळूसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. मुंबईत शिक्षक म्हणून काम करणारा, बागेत वाचत बसलेल्या मुलाला हेरून त्याला पुस्तकं देणारा माणूस. पुढे जे झालं ते 1956 पर्यंत जातं आणि ते इथे सांगण्याची गरज नाही. मला भुरळ पडते ती भेटीच्या साधेपणाची. गुणगौरव समारंभ, हार, भाषण आणि एक पुस्तक. त्या काळात अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही घटना होती, म्हणून सत्कार झाला. कितवा नंबर हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसावा.

पुढची पन्नास वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात कायदे बरेच आहेत. 1918 चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा, 1923 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, 1947 चा त्याहून नेटका कायदा. 1937 मध्ये वर्ध्यात नयी तालीम मांडली गेली तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर, आणि त्यांनी ती मनावर घेतली. मुलाने वर्षभरात काय शिकलं ते त्याने कातलेल्या सुतावरूनही कळेल, ही कल्पना. टकळी आली, तास झाले, मग हळूहळू टकळ्या कपाटात गेल्या. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची’ झाली. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. एक मे ही तारीख इथल्या शाळेच्या आयुष्यात अशी फिरून फिरून येते.

या काळात शिष्यवृत्ती परीक्षा हा खेड्यातल्या शाळेचा खरा रणसंग्राम होता. चौथीची आणि सातवीची. गुरुजी मुलांना रात्री शाळेत झोपायला बोलवायचे, कंदिलाच्या उजेडात गणितं घालायचे आणि पहाटे उठवायचे. महाराष्ट्रभर जुने विद्यार्थी ही आठवण सांगतात. फायनलचं तिकीट रद्द झालं होतं, त्याची जागा शिष्यवृत्तीच्या यादीने घेतली. शाळेच्या भिंतीवर रंगवलेले ते फलक तुम्ही पाहिले असतील, ‘शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’ आणि खाली वर्षं आणि नावं. 2016-17 पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली, आणि चौथीपर्यंतच्या हजारो शाळांच्या भिंतीवरचे फलक तिथेच थांबले. कुणी ठरवून केलं नाही. पण वाडीवरच्या शाळेला दाखवायला जे एक यश होतं, ते एका शासन निर्णयात पुढच्या शाळेच्या खात्यावर जमा झालं.

दरम्यान एक वेगळा विचार वाढत होता, की लहान मुलाला नापास करायचंच कशाला? कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात सुचवलं की पहिली आणि दुसरी हा एकच घटक समजा, जमलं तर चौथीपर्यंत तसं करा, मूल आपल्या वेगाने जाऊ दे. पंतोजीची पडवी आठवते का? दीडशे वर्षांनी फिरून तिथेच, फक्त छडी वगळून. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, म्हणजे सिंधुदुर्गातून घाट चढला की पलीकडचे. त्यांनी 1953 मध्ये एकशिक्षकी शाळांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. एका शिक्षकाने चार इयत्ता एकाच खोलीत कशा शिकवायच्या, हा प्रश्न त्यांना हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नव्हता.

मग 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही. महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आकारिक, संकलित, अ-1, अ-2, ब-1 आणि ‘वर्णनात्मक नोंदी’. कल्पना सुंदर होती. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने त्याच्या शब्दांत लिहायचं, की हा चित्रं छान काढतो, हिला प्रयोग करायला आवडतं. प्रत्यक्षात काय झालं? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग पीडीएफ, मग व्हॉट्सॲप. मी एकदा भावंडांची पत्रकं शेजारी ठेवून पाहिली. तिन्हींवर ‘वर्गात स्वच्छता राखण्यास मदत करते’ असं होतं, आणि त्यात एक मुलगा होता. शिक्षकांना हसायचा मला अधिकार नाही. आमच्याकडेही वर्षाअखेरीला सहकाऱ्यांबद्दल अभिप्राय लिहायचा असतो, आणि तोही बहुतेक वेळा मागच्या वर्षीचाच असतो. शिवाय त्या एका शिक्षकाला पोषण आहाराचे तांदूळ मोजायचे असतात, ‘सरल’वर माहिती भरायची असते, यू-डायस भरायचं असतं आणि मतदार यादीही बघायची असते.

2019 मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर पुरवणी, त्यातही झालं तर त्याच वर्गात. बाजूने आणि विरोधात भरपूर लिहिलं गेलंय. माझं मत म्हणाल तर दहा वर्षांच्या मुलाला त्याच वर्गात बसवल्याने त्याला गणित कसं येणार, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मागच्या वर्षी ज्या पद्धतीने कळलं नाही त्याच पद्धतीने पुन्हा सांगायचं, एवढाच उपाय असेल तर तो उपाय शाळेच्या सोयीचा आहे.

आता त्या बोटीच्या तिकिटाकडे. 2012 मध्ये कोकणासाठी दहावी-बारावीचं वेगळं विभागीय मंडळ झालं. तेव्हापासून दरवर्षी दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आहे. 2024 मध्ये 99.01 टक्के, 2025 मध्ये 98.82. या यशाचा पाया वाडीवाडीवरच्या प्राथमिक शाळांनी घातला, हे भाषणात दरवर्षी येतं आणि ते खरंच आहे. पण दुसरा आकडा पाहा. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा कमी झाला. निकाल वर जातोय आणि पट खाली येतोय, हे दोन्ही एकाच गोष्टीचे परिणाम आहेत. शाळा इतकी चांगली चालली की मुलं शिकून गेली, आणि त्यांची मुलं डोंबिवलीत, विरारला, पुण्यात शाळेत जातात. मी त्यातलाच.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. उदाहरणं दिली होती नंदुरबारमधल्या तोरणमाळची आणि पुण्याजवळच्या पानशेतची. अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. कागदावर पाहिलं तर सूचना वाईट नाही. मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळाचं मैदान, बस. मीसुद्धा व्यवसायाने असाच विचार करतो, विखुरलेल्या दहा गोष्टी एकत्र आणल्या की खर्च वाचतो. पण कोकणातलं गाव नकाशावर एक ठिपका असलं तरी जमिनीवर दहा वाड्या असतात. मधे डोंगर, व्हाळ, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. कायदा म्हणतो पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ते किलोमीटर सहा वर्षांच्या मुलाने जुलैमध्ये चालायचंय. पट कमी असणं हा इथे शाळेचा दोष नाही, वस्तीचा आकार आहे.

पट नऊ असलेल्या शाळेचं संमेलन कसं असतं ते सांगतो, मालवण तालुक्यातल्या अशा एका शाळेचं मी पाहिलंय. नऊ मुलांत नाटक करायचं तर प्रत्येकाला दोन भूमिका येतात. इथे नाटक म्हणजे अर्थात दशावतार. तिसरीतली मुलगी गणपती आणि नंतर राक्षस. मुकुट आणि दागिने गावातल्या दशावतारी मंडळाकडून उसने आणलेले, डोक्यावर घसरणारे, आतून कागद कोंबून बसवलेले. प्रेक्षक दीडशे तरी होते, म्हणजे मुलांच्या सोळा-सतरा पट. मुंबईहून आलेले माजी विद्यार्थी पुढच्या रांगेत, पाकिटं काढून बक्षिसं जाहीर करत होते. नऊच्या नऊ मुलांना बक्षीस मिळालं, त्यासाठी विषय शोधून काढले होते. संमेलन संपल्यावर बाईंनी वहीत बघून एकेक दागिना मोजून परत दिला.

ते मोजणं बघताना मला धामापूरच्या भगवतीची गोष्ट आठवली. तळ्यात फुलांची परडी सोडून देवीकडे लग्नासाठी दागिने मागायचे, ती द्यायची, लग्न झालं की परत करायचे. मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने देणं बंद केलं. हे तळं 1530 मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलं असं सांगतात. खाली शेती पिकतेय, पाणी आटलं नाही, आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. चारशे नव्वद वर्षांनी निकाल लागला, तोही पहिल्या श्रेणीत. तोवर तळ्याला कुणी पट विचारला नव्हता.

शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली की मुलांबरोबर एक वस्तू पुढच्या शाळेत जाते, ती म्हणजे जनरल रजिस्टर. बाकी फळे, बाकं, कपाटं यांचं काय होतं ते सोडा. रजिस्टर जपावंच लागतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा राज्यभरच्या शाळांतली ही जुनी रजिस्टरं धूळ झटकून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या दिपोटीने कुणाला किती गुण दिले, कुणाला काय बक्षीस मिळालं, यातलं काही त्यात नसतं. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, आणि मग दाखल्यावर उतरणारे तीन रकाने: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. पहिल्या दोन रकान्यांत बहुतेकांचं ‘चांगली’ आणि ‘चांगली’ असतं. तिसऱ्यात मात्र मास्तरांना खरं लिहावं लागायचं. आमच्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला अजून आहे, घडीवर फाटलेला, सेलोटेप लावलेला. कारणाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलंय, ‘मुंबईस जाणेमुळे’.